बिल्ल्यावरची मागची बाई

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू खुशाल असशील असं समजूनच लिहिते, कारण तुझ्या पत्रात तुझ्या तब्येतीबद्दल एक अक्षर नव्हतं. पत्र तरी तुझं कुठे होतं म्हणा. खाली सही तुझी, वर सगळी भाषा तुमच्या हेडक्लार्कची. ‘आपणांस कळविण्यात येते की’. सख्ख्या बहिणीला ‘आपणांस’ म्हणणारी तू जगात एकटीच असशील. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग चहा टाकला.

असो. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. स्टुडिओचं छत एका कोपऱ्यात गळतं, तिथे बादली ठेवलीय. मागची खोली गेल्या वर्षीपासून रिकामीच आहे, तिथे मी काही ठेवत नाही.

तर कामाचं. नर्सिंग स्कूलला पन्नास वर्षं होतायत, त्या निमित्ताने सगळ्या मुलींसाठी आणि जुन्या विद्यार्थिनींसाठी नवा पितळी बिल्ला काढायचाय, समितीने माझं नाव सुचवलं आणि तू हरकत घेतली नाहीस, एवढं मला कळलं. हरकत घेतली असतीस तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. म्हणून नसशील घेतली. मला काम हवंय, मी करते. पद्धत सांगून ठेवते. आधी मातीत ताटाएवढा नमुना करायचा. त्यावर प्लॅस्टर ओतून उलटा साचा घ्यायचा आणि साच्यातून पुन्हा प्लॅस्टरचा सुलटा नमुना काढायचा. तो डायवाल्या काकांकडे गेला की त्यांच्या मशीनची सुई नमुन्यावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाला तेच चित्र लहान होऊन पोलादाच्या ठशात उतरतं. मग त्या ठशाखाली पितळ दाबत सुटायचं. एकदा पोलाद कोरलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी त्यात बदल होत नाही. तेव्हा काय सांगायचं ते आधी सांग.

चेहरा कुणाचा, हे तुझ्या पत्रात नाही. हेडक्लार्क विसरले असतील. मी मावशीचाच धरून चालले आहे. शाळा तिने काढली. हॉस्पिटलच्या मागे मोडक्या खाटा टाकायच्या त्या दोन खोल्या तिने मागून घेतल्या, स्वतः धुतल्या, आणि पाच-सहा मुली घेऊन सुरुवात केली. आई गेल्यावर आपण दोघी त्याच खोल्यांत वाढलो. तू मोठ्या मुलींबरोबर पट्ट्या गुंडाळत बसायचीस. मी हाडं बसवायच्या खोलीतून उरलेलं ओलं प्लॅस्टर पळवायचे आणि त्याची माणसं करायचे. मावशी ती माणसं औषधांच्या कपाटावर रांगेत मांडून ठेवायची आणि मोठ्या डॉक्टरांना सांगायची, ही आमची नवी भरती. मी मूर्तिकार झाले ते त्या कपाटामुळे.

तिचा एक चांगला फोटो माझ्याकडे आहे. शाळेच्या व्हरांड्यातला तर तू काढून ठेवलास, भिंतीला रंग द्यायचा म्हणून. त्याला आता काही वर्षं झाली. रंग वाळला का गं?

कळव.

तुझी,
धाकटी

१ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. या वेळी उत्तर तुझ्या हस्ताक्षरात आलं, म्हणजे नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणायच्या. बरं वाटलं. हेडक्लार्कच्या भाषेपेक्षा तुझा राग बरा.

तू लिहिलंस, ‘त्या ज्या परिस्थितीत शाळेतून गेल्या ती पाहता बिल्ल्यावर त्यांचा चेहरा योग्य दिसणार नाही.’ त्या! जिने तुझ्या वेण्या घातल्या, तुझ्या तापात उशाशी बसली, ती आता ‘त्या’ झाली. पुढे लिहिलंस की समितीचं एकमत झालं, दोन खोल्यांचे तीन मजले करणाऱ्या सध्याच्या प्राचार्यांचाच चेहरा असावा. अध्यक्षपदाच्या खुर्चीत तू, आणि मत मांडायचं तुझ्या चेहऱ्याबद्दल. विरोधात हात कोण वर करणार होतं? मावशीचं नाव निदान कडेने अक्षरांत घालू का, असं मी मधल्या चिठ्ठीत विचारलं होतं. त्यावर तू ‘जागा नाही’ एवढंच लिहिलंस. जागा किती असते ते मला विचार, मी रोज मोजते.

ठीक आहे. तुझा चेहरा.

परवा तू येऊन बसून गेलीस ते बरं झालं. फोटोवरून केलं असतं तर हनुवटी चुकली असती. तू होतीस तोवर मी फारसं बोलले नाही, कारण बोललं की चेहरा हलतो. तूही खिडकीकडे बघत बसलीस. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलंस आणि लगेच नजर फिरवलीस. ते मला दिसलं. बाजूचा चेहरा करताना डोळ्याचं टोक नीट बघावं लागतं, त्यामुळे मला तुझं सगळंच दिसत होतं. दुसरी हनुवटी कमी कर म्हणालीस, केली. कानाखालचा तीळ मात्र मी ठेवलाय. लहानपणी मी तो शाईचा डाग समजून ओल्या फडक्याने पुसायला लागले होते आणि तू हसून हसून खाटेवरून पडली होतीस. मातीत तो तीळ लावताना माझा हात क्षणभर थांबला, हे खरं सांगते. तुझ्यावर माझं प्रेम होतं, ताई. उगाच नाही इतकं दुखत.

ज्या स्टुलावर तू परवा बसलीस त्याच स्टुलावर आधीही एकदा बसली होतीस. तेव्हा पाठ ताठ नव्हती. त्याबद्दल आज लिहीत नाही.

नमुना असा केलाय. मधोमध तू, टोपीसकट, डावीकडे बघणारी. तुझ्या मानेमागे शाळेची खिडकी. खिडकीत एक नर्स पेशंटची नाडी बघत उभी आहे. शाळा म्हटल्यावर काहीतरी काम चाललेलं दिसायला हवं, नुसता चेहरा म्हणजे नाणं होतं. तिचा चेहरा अजून कोरा आहे, आधी तुझा पुरा करते. फोटो सोबत आहे. बघून कळव.

तुझी,
धाकटी

२२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. हेडक्लार्क काल येऊन गेले. बिचारे दारातच उभे राहिले, आत प्लॅस्टरची धूळ म्हणून. तुझा निरोप त्यांनी घोकून आणला होता. चेहरा अजून उठून दिसायला हवा. नाक वर घ्या. एकूणच उठाव वाढवा, समारंभाला येणाऱ्या साहेबांच्या हातात बिल्ला आला की बोटाला जाणवलं पाहिजे. आणि मागच्या बाईकडे लक्ष जातंय, तिला दाबून टाका.

दाबून टाका. हे शब्द तुझेच आहेत ना, म्हणून मी त्यांना विचारलं. हो म्हणाले, अगदी असेच.

मी करते. पण एक गोष्ट तुला सांगायचं माझं काम आहे, म्हणून नीट वाच. पितळेवर जे उंच असतं ते आधी झिजतं. जे खाली, कडेच्या आडोशाला असतं, ते टिकतं. एरवी बिल्ला कपाटात पडून राहतो तेव्हा याने फरक पडत नाही. पण तुमच्याकडे रोज सकाळी रांगेत बिल्ला तपासतात, पॉलिश लावून घासलेला नसला तर मुलीला वॉर्डात सोडत नाहीत. हा नियम तूच घातलास. मावशीच्या वेळी ती फक्त नखं बघायची. तेव्हा रोज घासल्या जाणाऱ्या बिल्ल्यावर इतका उठाव नको, असं माझं स्पष्ट मत आहे. चेहरा बेताने ठेवला तर तो पुढच्या मुलींनाही दिसेल. विचार कर आणि लेखी कळव.

आता दुसरी गोष्ट, तीही नीट वाच.

मावशी जिवंत असेपर्यंत मी तोंड उघडणार नाही अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. मी पाळली. गेल्या वर्षी माझ्या मागच्या खोलीत तिने प्राण सोडला. तुझ्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या, तू आली नाहीस. आता शपथ संपली.

ते इंजेक्शन तू दिलंस. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं, त्या म्हाताऱ्याला. चुकून दिलंस, मुद्दाम नाही, चूक कुणाचीही होते. पेशंट वाचला. पण बोभाटा झाला, चौकशी बसली, आणि चौकशीच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे येऊन त्या स्टुलावर बसलीस आणि रडत म्हणालीस, “हात माझाच होता. उद्या मी सांगून टाकते.” मी तुला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मावशी समितीपुढे म्हणाली की वॉर्ड माझा, जबाबदारी माझी. तिला वाटलं तू उठशील. ती मला नंतर म्हणाली, मी इतकं हळू बोलले, की पोरीला मध्ये बोलायला वेळ मिळावा. तू शेजारीच बसली होतीस. तू उठली नाहीस. मावशीला काढलं, आणि दोन महिन्यांनी तिच्या खुर्चीत तू बसलीस.

तरीही ती तुझी बाजू घ्यायची. घाबरली पोर, म्हणायची. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटच्या वर्षी तिला माणसं ओळखू येईनात, पण सकाळी उठून पट्ट्या गुंडाळायच्या म्हणायची. मी तिला जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून द्यायचे. दिवसभर गुंडाळायची आणि मला विचारायची, मोठी आली का वॉर्डातून? मी म्हणायचे, येतेय, वाटेत आहे. खोटं बोलायची इतकी सवय झाली मला, की अजून जीभ वळते.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. समारंभात तू बोलणारच आहेस. त्यात एकदा सांग, की शाळा मावशीने काढली आणि ती चूक तिची नव्हती. कुणाची होती तेही सांगू नकोस वाटलं तर. फोटो व्हरांड्यात परत लाव. एवढं केलंस तर मी बिल्ला हसत हसत करीन, तुला हव्या त्या नाकाचा.

दोन्ही गोष्टींचं उत्तर पाठव.

तुझी,
धाकटी

९ जून

ताई,

समारंभ छान झाला. मी मागच्या रांगेत होते, तुला दिसले नसेन. तुझं भाषण मी शेवटपर्यंत ऐकलं. तीन मजल्यांचं बांधकाम, लिफ्ट, नवी प्रयोगशाळा, सगळं आलं. दोन खोल्यांचं ‘पूर्वी एका लहानशा जागेत’ एवढंच आलं. कुणी काढली, का गेली, काही नाही. टाळ्याही भरपूर पडल्या.

मार्चच्या माझ्या पत्राला तुझं जे उत्तर आलं ते माझ्यासमोर आहे. एकच ओळ आहे. ‘उठाव सांगितल्याप्रमाणेच ठेवावा, नाकाबाबत तडजोड नको.’ मी कागद उलटून बघितला, पाकिटात बोट घालून बघितलं. मावशीबद्दल एक शब्द नाही. इतक्या पत्रातून तुला फक्त नाक सापडलं.

त्या दिवशी मी ठरवलं.

आता काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी तिसऱ्याने सांगायला नको. तू जो नमुना मंजूर केलास त्यात मागची बाई कोरीच होती, तुला ती नकोच होती, म्हणून तू तिच्याकडे परत बघितलं नाहीस. तुझा चेहरा मी तू सांगितल्यापेक्षाही वर घेतला. मन लावून केला. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि वाईट झालं असतं तर तू परत पाठवलं असतंस. मग उलट्या साच्यात, खिडकीच्या जागी, बारीक सुईने कोरत बसले. साच्यात खोल कोरलं की नमुन्यात उंच येतं, म्हणून अगदी थोडं कोरायचं, जेमतेम ओरखडा. तुझ्याच शब्दाप्रमाणे दाबून टाकलं. नाडी बघणाऱ्या त्या बाईला मी डावखुरी केलं. छातीवरचं घड्याळ उजवीकडे टाचलं. अंबाडा मानेच्या जरा डावीकडे सरकलेला, कॉलरचं वरचं बटण उघडं. ओळखणाऱ्यांना एवढं पुरे होतं. कडेच्या आडोशाला, सगळ्यात खाली, मावशी.

डायवाल्या काकांनी प्लॅस्टर बघून मला विचारलं की इतकं उंच नाक कुणी सांगितलं. मी तुझी ओळ त्यांना दाखवली. ते हसले आणि कामाला लागले.

सोबत एक बिल्ला पाठवतेय. पाकिटात नीट बघ, कापसात गुंडाळलाय. हा नव्या मुलींना दिला तोच आहे, पहिल्या दाबातला. काकांनी मला दिला तेव्हापासून मी तो रोज घासतेय. पॉलिशची पावडर जरा खरखरीत घेतली, कारण मला तुझ्याइतका धीर नाही. चारेक वर्षांनी सगळ्यांचे असे होतील, असं धर. नाक गेलंय. गाल सपाट झालाय, डोळा कुठे होता ते मला माहीत आहे म्हणून कळतं. टोपी आहे, पण खाली माणूस नाही. आणि खिडकीत बघ. तिची बोटंसुद्धा मोजता येतात.

तू म्हणशील, मी नवा ठसा करून घेईन. घे ना. फक्त समितीला कारण सांगावं लागेल. की रोजची तपासणी बंद करशील? करून बघ. इतकी वर्षं मळक्या बिल्ल्यासाठी मुलींना रांगेतून बाहेर काढलंस, आता कोणत्या तोंडाने सांगशील की घासू नका?

आणि आता मला तुझा कबुलीजबाब नकोय. मार्चमध्ये हवा होता. आता तू व्यासपीठावर उभी राहून रडलीस तरी मला काही वाटणार नाही. मोकळी होशील तू, एवढंच. मला तू मोकळी झालेली नको आहेस. तू रोज सकाळी रांगेसमोर उभी राहा, एकेकीच्या छातीवर वाकून बघ, आणि स्वतःला थोडं थोडं जाताना बघ. मावशीला जाताना मी असंच रोज बघितलं.

हे वाचून तुला वाटेल की धाकटी वेडी झाली, बिल्ल्यावर नखाएवढी बाई कोरून काय मिळवलं, कुणाला कळणार आहे. मलाही तसंच वाटलं होतं. म्हटलं, कळायला वर्षं जातील, मी असेन नसेन.

समारंभानंतर दोन दिवसांनी एक बाई स्टुडिओत आल्या. तुमच्याकडच्या अगदी पहिल्या तुकडीतल्या, आता निवृत्त झाल्यात, हातात काठी. नाव सांगितलं नाही, बसल्याही नाहीत. पर्समधून बिल्ला काढला, तुझ्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो झाकला, आणि माझ्यापुढे धरला.

“ह्या आपल्या बाई ना?”

मी मान हलवली. त्यांनी बिल्ला कपाळाला लावला. मग टेबलावरचा माझा घासून सपाट झालेला बिल्ला बघितला आणि मला विचारलं, कोणती पावडर वापरतेस. मी डबा दाखवला. त्यांनी त्यातली थोडी कागदात बांधून घेतली.

त्या आठवड्यात आणखी आल्या. एकट्यादुकट्या, मग जोडीने. मी कुणाला बोलावलं नव्हतं आणि काही सांगितलंही नाही. इंजेक्शनबद्दल तर नाहीच, त्याची गरज पडली नाही. त्यांच्यातल्या दोघी त्या दिवशी वॉर्डात होत्या, ताई. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. मावशीने त्यांनाही शपथ घातली होती. माझ्यासारखीच.

आता तुमच्या वॉर्डातल्या सिस्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या आहेत, आणि नव्या मुली त्या सिस्टरच्या हाताखाली. डबा मला पुन्हा आणावा लागला. मागच्या सोमवारी कुणीतरी सांगून गेलं की पहिल्या वर्षाच्या मुली आता सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा घासतात, आणि तू रांगेत त्यांचं कौतुक केलंस की इतके लखलखीत बिल्ले मी आजवर पाहिले नाहीत.

खरं आहे. पुढेही असेच दिसतील.

प्लॅस्टरचा नमुना माझ्याकडे आहे. मागच्या खोलीत ठेवलाय, तिच्या खाटेच्या जागी. त्यावर तुझं नाक शाबूत आहे. बघावंसं वाटलं तर ये. दार उघडंच असतं, पण त्या खोलीत जायचं तर आधी तिची माफी मागावी लागेल, आणि ती आता ऐकायला नाही.

उत्तर देऊ नकोस.

मावशीने वाढवलेली,
धाकटी